मुका रोगी बोलू लागला : वैद्यकीय शिक्षणातील बाहुल्यांचा इतिहास



स्मरणिकेत इतिहासावरील लेख म्हटला म्हणजे गडकोट, लढाया, सनावळ्या असे काहीतरी वाचावयास मिळणार, अशी आपली अपेक्षा असते. परंतु इतिहास जसा राजांचा असतो तसा तो साध्या वस्तूंचाही असतो. चरख्याला इतिहास आहे, गलबताला आहे, पाटी-पेन्सिलीला आहे. आज मी आपणांपुढे बाहुलीचा इतिहास मांडणार आहे. ही बाहुली लहान मुलांच्या खेळातली नसून वैद्यकीय महाविद्यालयातली आहे. आपल्यापैकी पुष्कळ पालकांची इच्छा असते की मुलाने किंवा मुलीने डॉक्टर व्हावे. त्या मुलांच्या हातात पहिली नाडी येईल ती कदाचित या बाहुलीची असेल. म्हणून हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही.

ही बाहुली म्हणजे माणसाएवढा रबर-प्लॅस्टिकचा पुतळा. डॉक्टरी पेशात तिला ‘मॅनिकिन’ म्हणतात. ती खाटेवर निजलेली असते. तिची छाती वरखाली होते, मनगटाला नाडी लागते, डोळ्यांची उघडझाप होते. विद्यार्थी जवळ गेला की ती कण्हते आणि म्हणते, “डॉक्टर, छातीत दुखतंय.” विद्यार्थ्याने चुकीचे औषध दिले तर तिची नाडी बिघडते, पण कोणाच्या घरावर दुःख कोसळत नाही. चूक बाहुलीवर व्हावी आणि शहाणपण माणसाच्या कामी यावे, हा या साऱ्या उठाठेवीचा हेतू.

आता प्रश्न असा की या बाहुलीला वाचा कशी फुटली? आणि त्याहून मोठा प्रश्न, ती कोणाच्या भाषेत बोलते? या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने आपण मागे जाऊ या.

भोपळ्यापासून सुरुवात

जिवंत माणसाला हात लावण्यापूर्वी निर्जीव वस्तूवर हात बसवावा, ही कल्पना आपल्या देशात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. त्यात सरावाला ‘योग्या’ असा शब्द आहे. कापण्याचा सराव भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा. पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर भेद घेण्याचा सराव करावा. शीर टोचण्यासाठी मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ घ्यावा. टाके घालणे जाड कापडावर आणि मऊ कातड्यावर शिकावे. आणि पट्ट्या बांधण्यासाठी ? त्यासाठी माणसाच्या आकाराची बाहुली करून तिच्या अवयवांवर पट्ट्या बांधाव्या. ग्रंथ कितीही वाचले तरी सराव नसलेला माणूस शस्त्रकर्माला नालायकच, असा या अध्यायाचा अभिप्राय आहे. तेव्हा बाहुलीवर वैद्यक शिकणे ही पाश्चात्त्यांनी काढलेली नवी टूम आहे असे कोणी समजू नये.

चीनमध्ये १०२७ साली वांग वेई-यी नावाच्या वैद्याच्या देखरेखीखाली माणसाएवढे दोन काशाचे पुतळे ओतले गेले. सुया टोचण्याच्या चिनी उपचारात कोणत्या बिंदूवर सुई टोचावयाची ते शिकविण्यासाठी त्यांच्या अंगावर बारीक छिद्रे होती. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात मॅडम द्यु कुद्रे या सुईणीने कापड, कातडे आणि भरण घालून बाळंतिणीच्या देहाची प्रतिकृती तयार केली. १७५९ साली राजाकडून परवाना मिळाल्यावर ही बाई ते ‘यंत्र’ बरोबर घेऊन वीस-पंचवीस वर्षे गावोगाव फिरली आणि खेड्यापाड्यांतील हजारो स्त्रियांना तिने सुईणपण शिकविले. त्यांतील अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. जे पुस्तकातून शिकविता आले नसते ते बाहुलीने शिकविले.

मुकेपण खपून गेले ते का ?

या सर्व बाहुल्या मुक्या होत्या. विसाव्या शतकातली सर्वांत प्रसिद्ध बाहुलीही मुकीच. नॉर्वेतील स्टाव्हँगर गावी आस्मुंड लेर्डाल नावाचे खेळणी तयार करणारे कारखानदार होते. तोंडाला तोंड लावून श्वास देण्याची पद्धत लोकांना शिकविता यावी म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी १९६० साली ‘रेसुसी ॲन’ ही बाहुली तयार केली. तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत बुडून मेलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका अनामिक मुलीच्या मुखवट्यावरून घेतलेला आहे. प्रथमोपचाराच्या वर्गात विद्यार्थी तिचे खांदे हलवून विचारतो, “अहो, बरं आहे ना ?” बाहुली उत्तर देत नाही. येथे न बोलणे हेच उत्तर असते, कारण ती बेशुद्ध रोग्याची भूमिका करीत असते.

१९६७ साली अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘सिम वन’ नावाचा संगणकावर चालणारा पहिला मॅनिकिन तयार झाला. शिक्षणतज्ज्ञ स्टीफन अब्राहमसन आणि भूलतज्ज्ञ जडसन डेन्सन हे त्याचे जनक. तो श्वास घेई, त्याच्या हृदयाचे ठोके पडत, बाहुल्या लहानमोठ्या होत, औषध दिले की त्याचा परिणाम दिसे. पण तो भूल देण्याच्या शिक्षणासाठी तयार केला होता. भूल दिलेला रोगी बोलत नाही. म्हणून याचेही मुकेपण खपून गेले.

तात्पर्य, बाहुली मुकी राहिली याचे कारण केवळ यंत्राची असमर्थता हे नव्हते. तिच्याकडून जे काम शिकावयाचे होते ते हाताचे होते, कानाचे नव्हते. परंतु डॉक्टरकीचे निम्मे काम कानाचे आहे. रोगी काय सांगतो, कसे सांगतो, काय सांगण्याचे टाळतो, यावर निदानाचा पाया उभा असतो.

शिकवणारा रोगी

रोग्याच्या तोंडून शिकण्याची परंपराही जुनीच आहे. दहाव्या शतकाच्या प्रारंभी बगदाद आणि रै येथील रुग्णालयांत काम करणारे प्रसिद्ध हकीम अल्-राझी शिष्यांच्या एकामागे एक रांगा करून बसत, असे जुन्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. रोगी आला की आधी बाहेरच्या रांगेतील नवख्या शिष्यांनी त्याची तक्रार ऐकावयाची. त्यांना उलगडा झाला नाही तर पुढच्या रांगेने. आणि सर्वांत शेवटी स्वतः राझींनी. म्हणजे वैद्यकाच्या वर्गात प्रवेश करताच पहिला धडा ऐकण्याचा होता.

पण खऱ्या रोग्याला दहा विद्यार्थ्यांनी दहा वेळा तेच तेच विचारणे हा त्याच्या यातनांचा खेळ मांडण्यासारखे आहे. यावर १९६३ साली त्याच सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी एक युक्ती काढली. त्यांनी एका निरोगी स्त्रीला रोग्याची भूमिका शिकविली. कोठे संवेदना नाही, कोणता पाय उचलत नाही, विचारले तर काय सांगावयाचे, हे सारे तिने पाठ केले आणि विद्यार्थ्यांनी तिला तपासले. पुढच्याच वर्षी त्यांनी या प्रयोगावर निबंध प्रसिद्ध केला. त्याचे सहलेखक होते स्टीफन अब्राहमसन, म्हणजे ज्यांनी तीन वर्षांनंतर मुका ‘सिम वन’ उभा केला तेच. एका विद्यापीठात, एकाच शिक्षणतज्ज्ञाच्या साक्षीने, एकीकडे बोलणारा पण निरोगी माणूस आणि दुसरीकडे रोगी पण मुकी बाहुली, अशा दोन वाटा निघाल्या. निरोगी नटाची नाडी बुडत नाही, ओठ निळे पडत नाहीत. बाहुलीचे हे सर्व होते, पण तिला सांगता येत नाही. या दोन वाटा एकत्र येणे म्हणजेच बाहुलीला वाचा फुटणे.

शब्दभ्रम

बोलणारे यंत्र करण्याचा ध्यास वैद्यकाबाहेर आधीच सुरू झाला होता. हंगेरीच्या वोल्फगांग फॉन केम्पेलेन याने भाता, कंप पावणारी पट्टी आणि कृत्रिम तोंड यांच्या साहाय्याने शब्द उच्चारणारे यंत्र केले व १७९१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. गंमत अशी की याच गृहस्थाने बुद्धिबळ खेळणारा एक यांत्रिक पुतळाही केला होता. तो युरोपभर गाजला. पण त्याच्या पेटीत खरा माणूस लपलेला असे! पुढे १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल प्रयोगशाळेच्या होमर डडली यांचे ‘व्होडर’ हे विजेवर बोलणारे यंत्र मांडले गेले. पेटी वाजवावी तशा पट्ट्या दाबून शिकलेल्या तरुणी त्यातून वाक्ये काढीत. १९७८ साली तर मुलांना शब्दांची अक्षरे शिकविणारे बोलके खेळणेच बाजारात आले.

या बाबतीत आपण मराठी माणसे अगदीच मागे नव्हतो, बरे का ! यशवंत केशव पाध्ये आणि त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्या महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या. त्यांच्या ‘अर्धवटरावा’ला ठाऊक नसलेला मराठी प्रेक्षक विरळा. १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ चित्रपटातील बाहुलाही रामदास पाध्ये यांचाच. ओठ न हलविता बोलून बाहुली बोलते असा भास निर्माण करण्याच्या या कलेला आपण ‘शब्दभ्रम’ असा सुरेख शब्द योजला आहे.

वैद्यकीय बाहुलीला वाचा फुटली ती प्रथम या शब्दभ्रमानेच. सन २००० च्या सुमारास लेर्डाल कंपनीचा ‘सिममॅन’ आला. त्याच्यात खोकणे, कण्हणे, ओकारी काढणे असे ध्वनी भरलेले होते. शिवाय शेजारच्या खोलीत काचेआड बसलेला शिक्षक मायक्रोफोनमधून बोले आणि आवाज बाहुलीच्या डोक्यातील कर्ण्यातून येई. केम्पेलेनच्या पेटीतला लपलेला माणूस जणू शेजारच्या खोलीत जाऊन बसला. २०१८ साली अमेरिकेतील गॉमार्ड कंपनीने ‘हॅल’ नावाचा बालक-मॅनिकिन आणला. तो चेहऱ्यावर राग, भीती, वेदना दाखवितो, डोळ्यांतून पाणी काढतो आणि बोलतो. आणि आता, म्हणजे २०२२ नंतर, माणसासारखी वाक्ये जुळविणारे संगणक सर्वांच्या हाती आल्यापासून, काचेआडच्या शिक्षकाची जागा संगणकाने घ्यावी असे प्रयोग चालू झाले आहेत. विद्यार्थ्याने काहीही विचारावे आणि बाहुलीने रोग्याच्या भूमिकेत राहून उत्तर द्यावे.

भाषेची फारकत

येथे आपल्या इतिहासाचे एक विस्मृतीत गेलेले पान उघडले पाहिजे. मुंबई इलाख्यात पाश्चात्त्य वैद्यकाचे पहिले विद्यालय निघाले ते १८२६ साली. डॉक्टर जॉन मॅक्लेनन त्याचे प्रमुख होते. तेथे शिक्षण देशी भाषांतून, म्हणजे मराठी-गुजरातीतून दिले जाई आणि त्यासाठी पुस्तकांची भाषांतरे केली जात. अवघ्या सहा वर्षांत, १८३२ साली, सरकारने ते बंद केले. पुढे १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते इंग्रजी माध्यमाचे. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्यासारखे नामवंत १८५१ साली त्याच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडले. त्या कॉलेजाने देशाची फार मोठी सेवा केली यात शंका नाही. परंतु तेव्हापासून एक फारकत झाली. डॉक्टर रोग शिकतो एका भाषेत, आणि रोगी रोग भोगतो दुसऱ्या भाषेत.

ही फारकत किती खोल आहे हे एका उदाहरणाने पाहा. आपल्या खेड्यातील म्हातारी बाई डॉक्टरांना सांगते, “ह्यांच्या अंगावरून वारं गेलं.” हा वाक्प्रचार अर्धांगवायूचा आहे. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती विरघळविण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणजे येथे एक-एक मिनिट मोलाचे. दुसरी बाई खाली मान घालून सांगते, “अंगावरून जातंय.” हा प्रकार सर्वस्वी निराळा. येथे रक्तस्राव किंवा पांढरे जाणे अभिप्रेत आहे. ‘अंगावरून’ हा शब्द दोन्हीकडे एकच, पण एक वाट मेंदूकडे जाते व दुसरी गर्भाशयाकडे. तिसरी म्हणते, “दिवस गेलेत.” शब्दशः अर्थ घेणाऱ्याला वाटेल काळाबद्दल बोलते आहे, ती गरोदर असल्याचे सांगत असते. “अडचण आहे” म्हणजे पाळी. आणि वेदनेला तर आपण केवढे शब्द ठेवले आहेत ! कळ, चमक, ठणका, मुरडा, जळजळ, झिणझिण्या, हुळहुळणे. पोटात मुरडा आणि पोटात जळजळ या दोन तक्रारी एका ‘पेन’ शब्दात कोंबल्या की निदानाचा अर्धा धागा हातून सुटतो.

परदेशातून आलेली बाहुली “चेस्ट पेन” म्हणते. ती “छातीत भरून आल्यासारखं होतंय” असे म्हणत नाही, “जीव घाबरा होतोय” असेही म्हणत नाही. तिच्यावर सराव केलेला विद्यार्थी परीक्षेत पास होईल. पण रत्नागिरीच्या बाह्यरुग्ण विभागात पहिल्याच दिवशी अडखळेल. बाहुली ज्या भाषेत बोलते त्याच भाषेचा कान ती तयार करते, हे या लेखाचे सार होय.

बोलणे खरे केव्हा वाटते ?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही म्हणाल, वाक्ये मराठीत भाषांतरित केली की झाले. तितके सोपे नाही. खऱ्यासारखे बोलणे म्हणजे काय, त्याची फोड करू या.

पहिली गोष्ट श्वासाची. दम्याचा जोराचा झटका आलेला रोगी एका दमात पुरे वाक्य बोलू शकत नाही. “डॉक्टर... रात्रीपासून... धाप...” असे तो तुटक बोलतो. ही तुटकता हेच रोगाच्या तीव्रतेचे लक्षण असते. अर्धांगाच्या रोग्याचे बोलणे जड होते, रक्तातील साखर फार उतरलेला रोगी असंबद्ध बोलतो. म्हणून बाहुलीच्या रक्तातील प्राणवायू उतरताना तिची वाक्येही आखूड झाली पाहिजेत. नाहीतर यंत्रावरचे आकडे म्हणणार रोगी गुदमरतो आहे, आणि बाहुली मात्र कीर्तनकारासारखी अस्खलित बोलणार !

दुसरी गोष्ट वेळेची. जगातील दहा भाषांच्या संभाषणाचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतकेच अंतर पडते, असे त्यात आढळले. संगणक विचार करण्यात दोन-तीन सेकंद घालवील तर विद्यार्थ्याला वाटेल की रोगी गोंधळला आहे किंवा काही लपवितो आहे.

तिसरी गोष्ट उच्चाराची. आपल्या मराठीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे उच्चार दोन आणि लिपी एक. ‘चार’ दिवस म्हणताना ‘च’ तालव्य, गुरांचा ‘चारा’ म्हणताना तो दंत्य. ‘जीव’ आणि ‘जखम’ यांतील ‘ज’ सारखा नाही. यंत्राला हा भेद लिपीवरून कळत नाही, शिकवावा लागतो. यासाठी खऱ्या माणसांचे आवाज हवेत. असे काम महाराष्ट्रात झालेले आहे. मुंबईची आय. आय. टी. आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी २०१० नंतरच्या काळात शेतमालाचे भाव फोनवर मराठीत विचारता यावेत यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. २०२२ साली केंद्र सरकारने भारतीय भाषांसाठी ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. जो संगणक शेतकऱ्याचे भावाचे बोलणे ओळखू शकतो त्याला दुखण्याचे बोलणेही शिकविता येईल.

चौथी गोष्ट संकोचाची, आणि माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची. खरा रोगी सगळे एकदम सांगत नाही. तंबाखूचे विचारले तर हसून वेळ मारून नेतो. सासू शेजारी उभी असेल तर सून गप्प राहते, आणि सासूच तिच्या वतीने बोलते. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली सीरामपूरच्या भाषणात हिंदुस्थानला स्त्री-डॉक्टरांची निकड का आहे ते सांगितले, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती. परपुरुषापुढे स्त्रीचे तोंड उघडत नाही आणि दुखणे अंगावर काढले जाते. म्हणून चांगल्या बाहुलीला बोलता आले पाहिजे तसे गप्प राहताही आले पाहिजे. विद्यार्थ्याने आपुलकीने, एकांतात, दुसऱ्यांदा विचारले तरच तिने खरे सांगावे. असा धडा कोणत्याही पुस्तकात छापता येत नाही.

कोकणचा रोगी

आता आपल्या दाराशी येऊ. रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणला २०१५ साली वालावलकर ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि खुद्द रत्नागिरी शहरात २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. एके काळी डॉक्टर होण्यासाठी आपल्या मुलांना मुंबई-पुणे गाठावे लागे. आता ती सोय जिल्ह्यात झाली. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात दोन गोष्टी आल्या. एक, प्रत्यक्ष रोग्याआधी सराव-दालनात मॅनिकिनवर कौशल्ये शिकणे. आणि दोन, प्रवेशानंतरच्या पायाभूत महिन्यात स्थानिक भाषेचे शिक्षण, तसेच रोग्याशी संवाद व नीतिमूल्ये यांचे स्वतंत्र पाठ. भाषा आणि बाहुली एकाच अभ्यासक्रमात आल्या. त्यांची गाठ घालून देणे तेवढे बाकी आहे.

कोकणच्या बाहुलीने काय बोलावे ? याचे उत्तर डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांच्या कामातून मिळते. शेजारच्या रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी लाल विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे. विंचवाचे विष हृदयावर आघात करणार याची ही पूर्वसूचना आहे, हे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात मांडले. पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने विंचूदंशाचे मृत्यू फार मोठ्या प्रमाणावर घटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. स्टाव्हँगरच्या किंवा मायामीच्या बाहुलीला विंचू माहीत नाही. भाताच्या पेंढ्याखाली हात घातला आणि डंख बसला, ही कथा तिच्या पोटात कोणी भरलेली नाही. ती इथल्या माणसानेच भरावी लागेल, आणि इथल्याच बोलीत.

आणि बोली तरी किती ! ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीच्या १९०५ साली निघालेल्या मराठीच्या खंडात संगमेश्वरी, कुडाळी, चित्पावनी अशा कोकणातील बोलींच्या नोंदी आहेत. डॉक्टर अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीत १९६५ साली कुडाळीवर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. अलीकडच्या वर्षांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने गावोगाव जाऊन बोलींचे ध्वनिमुद्रण केले आहे. ‘मला बरे वाटत नाही’ हे दक्षिणेकडचा माणूस “माका बरा नाय वाटत” असे सांगतो, उत्तर कोकणात ‘माका’चा ‘मना’ होतो. आपल्या समाजातील घरांत तर कोकणी मुसलमानांची बोली, उर्दू आणि मराठी अशा तिन्ही एकाच ओटीवर नांदतात. आजी एका भाषेत कण्हते, नातू दुसऱ्या भाषेत डॉक्टरांना समजावतो, आणि डॉक्टर तिसऱ्या भाषेत लिहून घेतात. या तीन उड्यांत काय काय गळत असेल याचा विचार करा.

मात्र एक सावधगिरी हवी. आपल्या नाटक-सिनेमांत बोली बोलणारा माणूस बहुधा हसविण्यासाठी आणलेला असतो. बाहुलीच्या तोंडी बोली घालताना तो प्रकार होता कामा नये. जो विद्यार्थी सराव-दालनात बोलीला हसायला शिकेल तो वॉर्डात रोग्याला हसेल. तसेच ज्या माणसांचे आवाज घ्यावयाचे त्यांची रीतसर परवानगी घेतली पाहिजे. दुखणे ही खाजगी गोष्ट आहे.

आपण काय करावे ?

पालक बंधु-भगिनींनो, मॅनिकिन लाखो रुपयांचे असतात. ते विकत घेणे तुमच्या-माझ्या आवाक्यातले नाही. पण त्यांना जे बोलावयाचे आहे ते शब्द मात्र आपल्या घरात फुकट पडून आहेत. इंग्रजी शिकवा, अवश्य शिकवा. त्यावाचून डॉक्टरकीचे दार उघडणार नाही. पण त्यासाठी घरची बोली मुलाच्या तोंडून काढून घेऊ नका. ज्या मुलीला आजीचे “अंगावरून वारं गेलं” कळते, ती डॉक्टर झाल्यावर दुभाष्याची वाट पाहत बसणार नाही. त्या अर्ध्या तासात एखादा हात, एखादा पाय, एखाद्याची वाचा वाचू शकेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम सुचवितो. सुट्टीत एक वही करा. आजी-आजोबा, शेजारची मावशी, होडीवर जाणारे चाचा, बागेत काम करणारे गडी यांना विचारा की ताप चढू लागला तर काय म्हणता ? डोके कशा-कशा प्रकारे दुखते ? दम लागणे आणि धाप लागणे यांत फरक कोणता ? प्रत्येक शब्दापुढे गाव आणि अर्थ लिहा; दुखण्याची कहाणी किंवा कोणाचे नाव लिहू नका, फक्त शब्द लिहा. विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा, मग भाषेच्या शिक्षकांना दाखवा. अशा पन्नास वह्या जमल्या तर कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाला त्या उपयोगी पडतील, आणि तुमच्यापैकी जो कोणी पुढे तेथे शिकावयास जाईल तो रिकाम्या हातांनी जाणार नाही.

१८३२ साली मुंबईचे ते छोटे विद्यालय बंद पडले आणि वैद्यक आपल्या भाषेपासून दूर गेले. पुस्तके इंग्रजीतच राहतील, औषधांची नावेही राहतील. त्याबद्दल तक्रार नाही. पण रोगी मराठीतच कण्हणार, कोकणीतच देवाचा धावा करणार. बाहुलीला वाचा फुटली आहे. तिने आपल्या माणसांसारखे बोलावे यासाठी तिला शब्द पुरविणारे आपणच आहोत.